गाडीला माझाच हात लागतो

सकाळी सहाला फाटकापाशी गाडीची किल्ली फिरली. टक्. मास्तर अंथरुणात डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा एकदा टक्. मग तिसऱ्यांदा. इंजिनाचा आवाज काही आला नाही. मास्तरांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि समाधानाने कूस बदलली.

"अहो, जागे आहात का?" खिडकीबाहेरून बायकोचा आवाज आला. "आजही नाही होत हो सुरू!"

मास्तर घोरायला लागले. जागा माणूस घोरतो तेव्हा जरा जास्तच तालात घोरतो, पण बायको बिचारी सरळ मनाची. ती थोडा वेळ खिडकीशी थांबली आणि निघून गेली. मास्तरांना मग खरीच झोप लागली.

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. हे गाडी शिकवणारे मास्तर. बावीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायला. "क्लच! अहो, क्लच म्हणतोय मी!" ही त्यांची आरोळी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची, म्हणून लोक त्यांना क्लचमास्तर म्हणायचे. त्यांच्या गाडीत ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. गाडीच्या पाठीवर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत मास्तरांचं स्वतःचं वाक्य रंगवलेलं होतं: 'गाडी बंद पडत नाही, बंद पाडली जाते.' शिकणाऱ्याच्या हातून गाडी बंद पडली की मास्तर त्याला खाली उतरवायचे, मागे नेऊन ते वाक्य मोठ्याने वाचायला लावायचे आणि मगच पुन्हा आत बसू द्यायचे.

बायकोलाही त्यांनीच शिकवलं होतं, सहा वर्षांपूर्वी. ती पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली, तेव्हा मास्तर आठवडाभर छाती काढून हिंडत होते. पुढे चार वर्षं ती सुरेख गाडी चालवत होती. मग एका संध्याकाळी मागे घेताना गाडी फाटकाच्या खांबाला घासली. गाडीला बोटभर ओरखडा, खांबालाही बोटभर. मास्तर त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मनाचा मोठेपणाच म्हणायचा! दुसऱ्या दिवशी ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि एका अनोळखी वायरमनकडून ड्रायव्हरच्या सीटखाली, पायपोसाच्या आड, एक लहानसा खटका बसवून आले. खटका खाली केला की किल्ली फिरते, दिवे लागतात, पण गाडी ढिम्म हलत नाही.

तेव्हापासून बायकोने गाडी मागितली की मास्तर उदारपणे म्हणायचे, "घे की! मी कधी नाही म्हटलंय?" आणि काच पुसायच्या निमित्ताने बाहेर जाऊन खटका खाली करून यायचे. गाडी सुरू व्हायची नाही. मग बायको निघून गेली की खटका वर करून मास्तर किल्ली फिरवायचे आणि गाडी गुरगुरायला लागायची. "अगं, गाडी जुनी झाली की तिला एकच हात लागतो," असं ते तिला समजावायचे. "तिला माझाच हात लागतो. तुझा काही दोष नाही त्यात."

दोन वर्षांत असं सहा वेळा झालं होतं. आजची सातवी.

बायको पडदे शिवायची. गावातल्या नव्या वाचनालयाचे बत्तीस पडदे तिने महिनाभर खपून तयार केले होते आणि आदल्या संध्याकाळी गाडीत भरून ठेवले होते. "सहाला जाते, तुमच्या कामाच्या आत परत येते," असं तिने सांगितलं आणि जेवण झाल्यावर मास्तर काच पुसायला बाहेर गेले.

साडेसातला मास्तर उठले. बैठकीतल्या फळ्यावर दिवसाचा कार्यक्रम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. नऊला नर्सबाईंचा शेवटचा सराव, अकराला परीक्षा, एकला मुलींच्या शाळेत व्याख्यान, विषय 'वाहन आणि शिस्त'. दात घासत घासत ते फाटकाशी आले आणि तोंडातला ब्रश तोंडातच राहिला.

गाडी जागेवर नव्हती.

आधी वाटलं, चोरी. मग वाटलं, हिला खटका सापडला! तसेच फेसाळल्या तोंडाने ते आत धावले. स्वयंपाकघरात चहाच्या किटलीखाली चिठ्ठी होती.

'गाडी सुरू झाली नाही. आज तुमच्या नर्सबाईंची परीक्षा आहे, ती चुकायला नको म्हणून मेकॅनिकला उठवून आणलं. गाडी दोरीने ओढत गॅरेजला नेतोय. पडदे आत आहेत म्हणून मीही जाते. तुमची झोप मोडली नाही. चहा किटलीत आहे, गरम करून घ्या.'

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. 'तुमची झोप मोडली नाही' इथे दोन्ही वेळा अडखळले. चहा गरम केला, पण तो ओट्यावरच निवून गेला. धडधाकट गाडीला दोरी बांधून भल्या सकाळी रस्त्याने ओढत नेलं होतं, तेही त्यांच्याच भल्यासाठी. करावं तसं भरावं म्हणतात, पण इतक्या लवकर?

तेवढ्यात फाटक वाजलं. नर्सबाई आल्या होत्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, हातात कागदांची फाइल. बरोबर मास्तरांचे दुसरे विद्यार्थी, निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे जजसाहेब म्हणत. त्यांचीही आजच परीक्षा होती.

"मास्तर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळी पाचच्या आत लायसन्सचा कागद दाखवला तरच ती जागा मला. नाहीतर दुसऱ्या मुलीला देणार. मेट्रननी स्पष्ट सांगितलंय."

जागा होती घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सची. हॉस्पिटल गाडी देणार होतं, चालवायची तिची तिने. आतापर्यंत ती सगळ्या रात्रपाळ्या करत होती आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. ही जागा मिळाली तर रात्री ती आईजवळ राहू शकणार होती. परीक्षेची पुढची तारीख दोन महिन्यांनी.

"गाडी कुठाय?" जजसाहेबांनी विचारलं.

"गाडी जरा... गॅरेजला गेलीय. किरकोळ आहे."

"काल संध्याकाळी तर मी चालवली. उत्तम होती."

"हो, होती."

"मग रात्रीतून काय झालं?"

"चला, चालत चालत बोलू," मास्तर म्हणाले आणि असे तरातरा निघाले की बोलणं शक्यच होऊ नये.

गॅरेजमध्ये गाडीचं तोंड उघडं होतं. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर गाडीचा स्टार्टर सुटा होऊन पडलेला. मास्तरांची बायको हातात बॅटरी धरून मेकॅनिकला उजेड दाखवत होती. सकाळपासून दाखवत होती. तिचे दोन्ही तळवे काळे झाले होते आणि कपाळालाही ग्रीस लागलं होतं.

"आलात? चहा घेतलात ना?" तिने विचारलं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, केस अवघड आहे," मेकॅनिक आनंदाने म्हणाला. त्याला अवघड केस फार आवडायची. "बॅटरी बदलून बघितली, फ्यूज बघितले. मग म्हटलं, स्टार्टर. काढला, उघडला, तर तो नव्यासारखा! म्हणजे दोष वायरिंगमध्ये. आता काय करतो, डॅशबोर्ड उतरवतो आणि आतल्या सगळ्या वायरी उपसतो. चारपर्यंत मोकळी करून देतो."

"चार?" नर्सबाई मटकन तिथल्या टायरवर बसल्या.

मास्तरांना एकच वाक्य बोलायचं होतं. 'सीटखाली हात घाल.' बस! पण ते वाक्य ओठांपर्यंत यायचं, समोर बायकोचे काळे तळवे बघायचं आणि मागे फिरायचं. खटका कोणी बसवला, हा पुढचा प्रश्न होता. आणि कशासाठी, हा त्याच्या पुढचा. विचारायला जजसाहेब उभेच होते.

"सरक, मला एकदा बसून बघू दे," मास्तर म्हणाले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून हळूच खाली वाकले.

"काही पडलं का मास्तर?" नर्सबाई लगेच उठून आल्या.

"काही नाही, काही नाही."

"चष्मा का?" बायकोने बॅटरी पुढे केली. "थांबा, उजेड दाखवते."

"नको! उजेड नको!" मास्तर एवढ्यांदा ओरडले की मेकॅनिकच्या हातून पाना पडला. "चपलेचा अंगठा निघालाय, तेवढा बसवतोय."

"तुमच्या पायात बूट आहेत," जजसाहेब म्हणाले.

पण तोवर खटका वर झाला होता. मास्तरांनी घाम पुसला, ताठ बसले आणि ऐटीत किल्ली फिरवली.

टक्.

"मास्तर," मेकॅनिक अदबीने म्हणाला, "स्टार्टर इथे कागदावर आहे."

कोणी हसलं नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. बावीस वर्षं गाडी शिकवणारा माणूस स्टार्टर नसलेली गाडी सुरू करायला बसला होता आणि चार माणसं त्याच्याकडे काळजीने बघत होती. मास्तरांचे कान गरम झाले. "तू तो आधी जोड," ते कसेबसे म्हणाले.

"दोष सापडल्याशिवाय मी काही जोडत नसतो."

"जोड रे बाबा! पाया पडतो तुझ्या! तू जोड, माझा हात लागला की होईल सुरू."

मेकॅनिकने खांदे उडवले आणि कुरकुरत स्टार्टर जोडायला घेतला. सव्वादहा वाजले. मास्तरांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात गुरगुरायला लागली.

"मानलं बुवा!" मेकॅनिकने स्वतःचे दोन्ही कान धरले. "पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात. हाताचा गुण म्हणतात तो हा!"

"पण दोष काय होता?" जजसाहेबांनी विचारलं.

"साहेब, काही दोष कळायचे नसतात."

नर्सबाईंचा चेहरा उजळला. मास्तर सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात बायकोकडे लक्ष गेलं. ती बोळ्याने तळवे पुसत होती, पण बघत होती त्या तळव्यांकडेच.

"मला वाटलंच होतं," ती नर्सबाईंना हळूच म्हणाली. "माझ्याच हातात काहीतरी खोट आहे गं. सात वेळा झालं असं. परवा शिवणयंत्रसुद्धा अडलं."

मास्तरांनी ते ऐकलं. न ऐकल्यासारखं केलं आणि हॉर्न वाजवला. माणूस किती हलका असू शकतो, हे त्या हॉर्नच्या आवाजात त्यांचं त्यांनाच कळलं.

पण ते नर्सबाईंनीही ऐकलं होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

परीक्षेच्या मैदानापर्यंत पंचवीस मिनिटांचा रस्ता. सराव म्हणून नर्सबाई चालवायला बसल्या, शेजारी मास्तर. मागे बायको आणि जजसाहेब बत्तीस पडद्यांत असे रुतले होते की जजसाहेबांचं फक्त डोकं दिसत होतं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मोठा चौक आला, दिवा लाल झाला, नर्सबाईंनी गाडी थांबवली आणि क्लच सुटला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. आज त्यांना ओरडायचा धीरच नव्हता. "क्लच दाबा, किल्ली फिरवा."

नर्सबाई किल्लीकडे बघत बसल्या. हात काही पुढे जाईना.

"मास्तर, तुम्ही लावा."

"अहो, तुम्हीच लावा. मैदानात मी थोडाच असणार शेजारी?"

"तेच ना!" नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हाताने नाही सुरू झाली तर? तिला तुमचाच हात लागतो. काकू सहा वर्षांच्या लायसन्सवाल्या, त्यांच्या हाताला होत नाही. मी कोण?"

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मागच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून गाडीवरचं वाक्य सगळ्या चौकाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"हाताचं काही नसतं हो!" मास्तर कळवळून म्हणाले. "गाडी हे यंत्र आहे. कुणाचाही हात लागला तरी सुरू होतं."

"मग माझ्या हाताला का नाही होत?" मागून, पडद्यांमधून, बायकोचा आवाज आला.

बाहेर हॉर्न वाजतच होते.

"प्रश्न योग्य आहे," जजसाहेब म्हणाले.

वाहतूक पोलीस आला आणि त्याने खिडकीवर टकटक केलं. "काय झालं? गाडी बाजूला घ्या!"

"एक मिनिट थांबा," जजसाहेबांनी पडद्यांतून हात वर केला. "साक्षीदार बोलायच्या बेतात आहे."

मास्तरांनी एकदा नर्सबाईंकडे बघितलं. साडेदहा होऊन गेले होते. अकराला नाव पुकारणार, आणि या मुलीची रात्रपाळी सुटेल की नाही हे आता त्यांच्या जिभेवर होतं. मागे वळून बायकोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते समोरच्या काचेकडे बघत बोलले.

"सीटखाली खटका आहे. मी बसवलाय. तो खाली केला की गाडी सुरू होत नाही."

"आणि तो खाली कोण करतं?" जजसाहेब.

"मी."

"केव्हा?"

"हिने गाडी मागितली की."

पोलीस खिडकीत वाकून ऐकत होता. त्याने मागच्या गाड्यांना हाताने 'थांबा' म्हणून खूण केली आणि पुन्हा कान दिला.

"म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती," बायको म्हणाली.

"नव्हती."

"सातही वेळा."

"सातही वेळा."

ती ओरडली असती, रडली असती, पडद्याची गुंडाळी डोक्यात घातली असती तरी मास्तरांनी उपकार मानले असते. तिने फक्त काळे तळवे उलटसुलट करून एकदा बघितले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मास्तरांना वाटलं, या चौकाने आत्ता दोन भाग होऊन आपल्याला पोटात घ्यावं.

"मग माझ्या हाताने होईल?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुणाच्याही हाताने होईल, पोरी. माझ्यासारख्या माणसाच्या हाताने होते, मग तुझ्या का नाही?"

नर्सबाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. पोलिसाने रस्ता मोकळा करून दिला आणि जाता जाता मास्तरांच्या बायकोला सलाम ठोकला.

मैदानावरचे अधिकारी म्हणजे गावात दहशत होती. दहांतला एक पास करायचे आणि तोही नाराजीने. नर्सबाईंनी गाडी पुढे नेली, मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा काढली. एकदाही बंद पडली नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी खिडकीशी येऊन तोंडी प्रश्न विचारला. कुंपणापलीकडे मास्तर, बायको आणि जजसाहेब उभे होते, त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"समजा, सकाळी गाडी सुरू झाली नाही. आधी काय तपासाल?"

उत्तर सोपं होतं. मास्तरांनी शंभर वेळा घोकून घेतलं होतं: बॅटरी, मग पेट्रोल.

"सीटखाली हात घालून बघेन, साहेब," नर्सबाई म्हणाल्या. "खटका असतो तिथे."

"कसला खटका?"

"घरच्या माणसाने बसवलेला."

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली ओढला. गाडीला एक फेरी मारली, मागचं वाक्य वाचलं, मग कुंपणाकडे बघितलं. क्लचमास्तर बुटाच्या नाड्या बांधत होते. चांगला बराच वेळ बांधत होते.

"हे पुस्तकात नाही," अधिकारी म्हणाले, "पण असायला हवं." आणि त्यांनी कागदावर सही केली.

नर्सबाई तो कागद छातीशी धरून हॉस्पिटलकडे धावत सुटल्या. जजसाहेब नापास झाले. 'थांबा'च्या पाटीपाशी थांबायचं कारण काय, यावर त्यांनी अधिकाऱ्यांशी दहा मिनिटं वाद घातला होता. "वरच्या कोर्टात जाईन," असं म्हणत ते चालत घरी गेले.

मास्तर गाडीकडे वळले तेव्हा बायको ड्रायव्हरच्या दाराशी उभी होती. तिने हात पुढे केला.

"किल्ली."

मास्तरांनी किल्ली दिली आणि शेजारच्या, आपल्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसले. गाडी रस्त्याला लागली. पहिल्याच वळणावर ती गचकन थांबली.

"मी नाही दाबला ब्रेक," बायको म्हणाली.

मास्तर खाली बघत होते. त्यांच्या पायाशी त्यांचा ब्रेक होता आणि ब्रेकवर त्यांचा पाय होता. बावीस वर्षांची सवय. "चुकून झालं," ते पुटपुटले. पुढच्या चौकात पुन्हा तसंच झालं. मागून कुणीतरी गाडीवरचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

"पाय वर घ्या," बायको म्हणाली.

"अगं, पण..."

"वर."

मास्तर सीटवर मांडी घालून बसले. त्याच अवस्थेत त्यांची गाडी भर गावातून गेली. रस्त्यात त्यांचे निदान चाळीस जुने विद्यार्थी भेटले. काहींनी हॉर्न वाजवून नमस्कार केला, काहींनी गाडी हळू करून नीट बघून घेतलं. मुलींच्या शाळेवरून जाताना मास्तरांनी मान खाली घातली आणि मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"आज व्याख्यानाला जमत नाही हो. गाडीचा घोळ झाला. बंद पडली."

"बंद पडली?" पलीकडून नवल आलं. "पण तुमच्या गाडीवर तर लिहिलंय..."

"हो," मास्तर म्हणाले, "ते बरोबरच लिहिलंय."

वाचनालयाची गल्ली अरुंद होती. मास्तर स्वतः तिथे गाडी कधी नेत नसत. बायकोने दोन भिंतींच्या मधून गाडी मागे घेत एका दमात दाराशी लावली. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. मास्तर मांडी घालून बघत होते. ही आपल्यापेक्षा चांगली चालवते, हे त्यांना सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. खटका ओरखड्यासाठी बसवलाच नव्हता. आज पहिल्यांदा त्यांनी ते स्वतःशी कबूल केलं आणि फार फार लाज वाटली.

बत्तीस पडदे त्यांनी एकट्याने तिसऱ्या मजल्यावर चढवले. कोणी सांगितलं नव्हतं. शेवटची गुंडाळी खाली ठेवून ते धापा टाकत म्हणाले, "चुकलं माझं."

"पाणी प्या आधी," बायको म्हणाली.

एवढंच. माफ केलं की नाही, ते काही कळलं नाही. संध्याकाळी ती "जरा जाऊन येते" म्हणून गाडी घेऊन गेली, तासाभराने आली आणि स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर भल्या सकाळी उठले. स्वतः चहा केला, बायकोला नेऊन दिला. आठला नवा विद्यार्थी होता. ते गाडीत बसले, किल्ली फिरवली.

टक्.

मास्तर ओशाळं हसले. ठीक आहे, एवढा हक्क तिचा आहेच, असं म्हणत त्यांनी सीटखाली हात घातला. खटका नव्हता. नुसतं भोक होतं. मास्तरांनी पायपोस उचलला, दुसऱ्या सीटखाली बघितलं, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, डिकी उघडली. खटका कुठेच नव्हता आणि गाडी काही सुरू होत नव्हती. आठला दहा कमी होते.

बायको चहाचा कप घेऊन दारात आली.

"काय झालं?"

"सुरू होत नाही."

"असं होतं हो," ती समजुतीने म्हणाली. "गाडी जुनी झाली की तिला एकच हात लागतो. तुमचा काही दोष नाही त्यात."

मास्तर गाडीतून उतरून बाजूला उभे राहिले. "मग लावून देतेस का?" त्यांनी विचारलं. असं हळू आवाजात काही मागायची त्यांना सवय नव्हती.

"देईन की! मी कधी नाही म्हटलंय?" तिने कप कट्ट्यावर ठेवला. "तोंड तिकडे करा."

मास्तर फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. समोर खांब होता आणि खांबावर तो बोटभर ओरखडा. मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कुठेतरी खट् झालं. कुठे, ते जीव तोडून कान देऊनही कळलं नाही. गाडी गुरगुरायला लागली.

"झाली," बायको उतरून कप उचलत म्हणाली. "चारच्या आत आणून ठेवा, मला लागणार आहे. आणि मागे घेताना खांब तेवढा सांभाळा."